हॅना ट्रेम्बाथचे नाव कंसाशिवाय लिहिण्याबाबत

मी, लव्हडे ओपी, माहेरची रॉडा, कै. एनोच ओपी यांची विधवा, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार चॅपल गल्ली, ट्रेगोवन, यॉर्क द्वीपकल्प, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. आज रोजी माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असं वकीलबाईंनी सांगितलं. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. उलट मुलगा हेडली म्हणतो, "आई, आत्ताच कशाला?" म्हणून तो मासे धरायला गेलेला बघून बसले. शाळेत मी दोनच वर्षं गेले, तेव्हा ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्याने दुसरं काही वाचावं. याआधी मी केलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. (एकही केलेलं नाही, पण असं लिहायचं असतं.)

हा कागद घरादारासाठी कमी आणि एका बाईच्या नावासाठी जास्त आहे, हे आधीच सांगून टाकते. ती बाई माझी कोणी नव्हे. मी जन्मले त्याच्या कितीतरी आधी ती गेली. तिचं नाव हॅना ट्रेम्बाथ. आपल्या जुन्या दफनभूमीत, अवजारांच्या खोपटाला लागून, पहिल्या ओळीत ती पुरलेली आहे. आणि गावच्या इतिहास मंडळाच्या नोंदवहीत तिच्या जागी, चौकटी कंसात, दुसऱ्याच बाईचं नाव घातलंय. ते काढून हॅनाचं लिहिलं गेलं पाहिजे. ते होईपर्यंत माझा आत्मा कुणाला शांतता देणार नाही. माझा स्वभाव माहीत आहे त्यांनी याची नोंद घ्यावी.

कलम पहिले. राहतं घर, मागचं अंगण, पाण्याची टाकी आणि अंजिराचं झाड हे सर्व माझी नात मोर्वेना हिला. ती पोर्ट ऑगस्टाला रुग्णवाहिका चालवते आणि सुट्टीत माझ्याकडे येऊन झोपा काढते. हेडलीने वाईट वाटून घेऊ नये. त्याला हे घर नको आहे, विकायला हवं आहे, आणि विकत घेणारा पहिल्यांदा अंजीर तोडील. हेडलीला त्याच्या वडिलांची होडी. ती नाहीतरी गेली वीस वर्षं त्याच्याच अंगणात आहे, आता उघडपणे असू दे.

कलम दुसरे. सूनबाई शर्ली हिला केशराच्या केकचे दोन्ही डबे, आणि माझा मऊ केसांचा ब्रश व बादली. ब्रश का, ते तिला कळेल, पण बाकीच्यांसाठी लिहिते. एनोच जाऊन दहा वर्षं झाली तेव्हा तिने प्रेमाने त्याचा दगड धुतला. संडास धुवायच्या ब्लीचने! मला हाताला धरून दाखवायला नेलं.

"बघा आई, किती पांढरा झाला!"

"झाला खरा," मी म्हटलं. "भूत बघितल्यासारखा झाला."

तेव्हापासून त्या संगमरवराची साखर होऊन गळते आहे. हात फिरवला की तळहाताला एनोच लागतो. शर्ली, मी तुला माफ केलेलं आहे, आणि हे लेखी देते आहे. पण यापुढे नुसतं पाणी. माझ्या दगडालाही नुसतं पाणी.

कलम तिसरे. हातात धरायचा मोठा आरसा, गुडघ्याखाली घ्यायची गादी आणि फुसफुस पाणी मारायची बाटली मोर्वेनाला. आरसा तोंड बघायला नाही. झिजलेल्या दगडावर ऊन समोरून पडलं तर काही दिसत नाही, बाजूने तिरकं पडलं की अक्षरं उठून उभी राहतात. ऊन आपल्या सोयीने पडत नाही, म्हणून आरशाने पाडायचं. आरसा कुणी धरायचा यावरून एनोचच्या बहिणीचं आणि माझं एकदा वाजलं होतं, ते इथे लिहीत नाही, ती गेली बिचारी.

कलम चौथे. माझी वही. हिच्यावर अनेकांचा डोळा आहे, तेव्हा ती कशी झाली ते सांगते. एनोच एकसष्ट साली गेला. मी रोज पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, भट्टीत टाकून त्याच्याकडे जायची. तो जिवंतपणीही फार बोलायचा नाही. मग त्याला शेजार कोणाचा आहे ते बघू म्हणून मी आजूबाजूचे दगड वाचायला लागले. आणि काय सांगू, मला इतकी मजा यायला लागली की एकदा पेस्ट्यांचा कोळसा झाला. दोन हात एकमेकांत धरलेले कोरलेले असतात ना, त्यात कफाची बाही नवऱ्याची आणि झालरीची बायकोची. कोण कोणाचा हात घट्ट धरतंय ते बघावं, म्हणजे त्या घरात कोणाचं चालत होतं ते कळतं. मधेच तोडलेला खांब म्हणजे माणूस तरुणपणी गेला. एका दगडावर पाथरवटाला जागा पुरली नाही, तर त्याने आडनावाचं शेवटचं अक्षर वर नेऊन बसवलंय, टोपीसारखं. असे तीनशे ब्याण्णव दगड मी सत्तावीस वर्षांत वहीत उतरवले. त्यातले साठ आज उभे नाहीत. इथली खारी ओल खालून चढते आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. आता ते साठजण फक्त वहीत आहेत.

पण या वहीत एक पान कोरं आहे. खोपटाशेजारचा दगड. ते पान मी मुद्दाम कोरं ठेवलं. का, ते आता लिहिते. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, एनोचलाही नाही.

कलम पाचवे, म्हणजे कबुली. (मृत्युपत्रात कबुली चालते का, वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कागद तुमचा आहे.")

माझे वडील या दफनभूमीचे राखणदार होते. कबरी खणायचे, गवत काढायचे. खोपटाशेजारचा दगड बुटका होता, माझ्या उंचीचा. त्यावरची अक्षरं शिशाची. पाथरवट संगमरवरात अक्षराची खाच पाडतो, खाचेत बारीक भोकं पाडतो आणि वर शिसं ठोकून बसवतो. बाबा दुपारी डबा खायला बसले की माझं बोट धरून त्या शिशावरून फिरवायचे. "हे अक्षर म्हण. आता हे." खाणीवरचा मोठा साहेब, कॅप्टन इलायजा ट्रेम्बाथ, यांची पत्नी, असं लिहून खाली एकटं, मोठ्या अक्षरांत, तिचं नाव होतं. हॅना. इंग्रजीत सहा अक्षरं. मी आयुष्यात वाचलेला तो पहिला शब्द. वाचता आला त्या दिवशी मी दफनभूमीभर ओरडत पळाले, आणि बाबा म्हणाले, "हळू, लोक झोपलेत."

मग मी रोज तिच्याकडे जायला लागले. रोज बोट फिरवायची, नखाने कडा चाचपायची. शिसं मऊ असतं. माझ्या हाताने ती अक्षरं हलायला लागली, एखादा दात हलावा तशी. हे मी माझा भाऊ दिगरी याला मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी सात वर्षांची, तो दहाचा. पहिल्या मोठ्या लढाईचे दिवस होते, गळाला वजन म्हणून लावायला शिसं मिळत नव्हतं. रविवारी सगळे चॅपलमध्ये असताना आम्ही सहाच्या सहा अक्षरं चमच्याने काढली. कुठली सैल आहेत ते मी दाखवलं. दिगरीने ती कढल्यात वितळवून सहा गोळ्या केल्या आणि धक्क्यावरून आम्ही व्हायटिंग मासे धरले. आईने तळले. सगळ्यांनी खाल्ले. बाबांनीही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझं बोट धरून त्या जागी नेलं. तिथे नुसती भोकं. बोट तिथेच ठेवून ते जरा वेळ उभे राहिले. मला पुढच्या दगडाकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "हे अक्षर म्हण." कळलं होतं की नाही, ते मला आजवर माहीत नाही. दिगरी चव्वेचाळीस साली गेला. आता हे जाणणारी मी एकटी.

कलम सहावे. आता मंडळाचं. दोन वर्षांपूर्वी राज्याला दीडशे वर्षं झाली म्हणून इतिहास मंडळाने सगळ्या दफनभूमीची नोंदवही करायला घेतली. मंडळाचा चिटणीस केल्विन बोलिथो, निवृत्त हेडमास्तर, वय सहासष्ट. माणूस चांगला, पण घड्याळासारखा. मी तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ॲडलेडला होते. परत आले तर त्यांनी सगळ्या दगडांची भोकं सिमेंटने बुजवलेली! पाणी आत जाऊ नये म्हणून. हॅनाचीही बुजवली. तोवर मी डोळे मिटून त्या भोकांवरून तिचं नाव वाचू शकत होते. आता तिथे गुळगुळीत आहे. तारीख आणि वय ओलीने आधीच खाल्लंय. चॅपलचं जुनं दफन-पुस्तक वाळवीने. आणि कॅप्टन ट्रेम्बाथच्या बायकोचं नाव बाहेर कुठेतरी मेरी असं सापडलं, म्हणून यांनी कंसात मेरी घातलं. मेरी दुसरी बायको! मी केल्विनकडे गेले.

"मावशी, दगडावर दिसतं ते शाईने लिहायचं. दिसत नाही, ते पेन्सिलने, कंसात. हा नियम आहे."

"दगडावर मेरी कुठे दिसतंय?"

"दिसत नाही, म्हणून तर कंसात आहे."

"मग कंसात हॅना घाल."

"हॅनाला पुरावा काय?"

"मी."

"तुम्ही पुरावा नाही, मावशी. तुम्ही आठवण आहात."

मी बसने ॲडलेडला गेले. आरसा घेऊन. तिथल्या दफनभूमीत कॅप्टनच्या शेजारी मेरीचा दगड आहे, ठणठणीत, नावासकट. येऊन केल्विनला सांगितलं.

"दगडावर नाव आहे म्हणजे माणूस खाली असतोच असं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे एका बाईला दोन कबरी आणि दुसरीला एकही नाही, हे तुझ्या नियमात बसतं?"

"तुम्हाला हे कशावरून माहीत, ते तरी सांगा."

ते मला सांगता आलं नाही. पिशवी उचलून घरी आले. तिसऱ्या वेळी तो वैतागून म्हणाला, "लेखी आणा, मावशी. सहीनिशी, साक्षीदारांसमोर. मग बघू." हे घे, केल्विन. लेखी.

कलम सातवे. वरील वही इतिहास मंडळाला मिळावी, पण नोंदवहीत खोपटाशेजारच्या दगडापुढे हॅना ट्रेम्बाथ हे नाव कंसाशिवाय, शाईने लिहिल्यावरच. माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांत तसं न झाल्यास वही शेजारच्या पोर्ट लेडनच्या मंडळाला द्यावी. होय, पोर्ट लेडनच्या. त्यांनी आपल्या गावचे साठ मेलेले घेऊन मिरवावं.

कलम आठवे. बँकेत जे असेल त्यातून आधी माझं दफन, मग हॅनासाठी एक लहान दगड, ग्रॅनाइटचा, तिच्या पायथ्याशी. मूळ दगडाला कुणी छिन्नी लावायची नाही, तो नियम केल्विनचा आहे आणि तो बरोबर आहे. नाव खोल कोरावं. शिसं नको. त्यावर मी दिला, लव्हडेने दिला, असलं काही लिहू नये. नाव तिचं आहे, फक्त तेवढंच परत करायचं आहे. उरेल ते हेडली आणि मोर्वेना यांनी न भांडता घ्यावं.

कलम नववे. माझं नाव एनोचच्या खाली, जागा सोडलेलीच आहे. "शांत निजली" असं लिहू नये, खोटं लिहिलेलं मला चालत नाही. नाव, माहेरचं आडनाव, जन्ममृत्यूची दोन सालं. दफनानंतर सर्वांनी घरी येऊन पेस्टी खावी. सलगम घालायला विसरू नये, शर्ली.

कलम दहावे. हे आता, साक्षीदार समोर बसलेले असताना लिहिते. शेजारीण रीटा पास्को, पोस्टातली, आणि केल्विन बोलिथो. वकीलबाई म्हणाल्या होत्या की साक्षीदाराने फक्त सही बघायची, मजकूर वाचायलाच हवा असं नाही. मी केल्विनला म्हटलं, वाच. तो वाचतोय. पाचवं कलम वाचून झालं, पान उलटलं, परत मागे गेला. मी त्याच्याकडे बघत नाही, कागदाकडे बघते आहे.

"केल्विन, चहावर साय धरली," रीटा म्हणाली.

"सिमेंट मी स्वतः भरलं होतं," तो म्हणाला. "खोपटाकडच्या ओळीत."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आणि अक्षरं मी काढली होती. आता बोल."

त्याने चहा बाजूला सारला. मग पिशवीतून नोंदवही काढली, पान शोधलं आणि खोडरबराने कंस पुसले. आतलं नावही. फुंकर मारली.

"सहा अक्षरं म्हणालात ना, मावशी? मग शेवटी एच आहे का? ऐकू येत नाही म्हणून विचारतो."

"ऐकू येत नाहीच," मी म्हटलं. "पण आहे. बोटाला लागायचा."

"रीटा," तो म्हणाला, "तुझं पेन दे. शाईचं."

सातवं कलम तरीही तसंच राहील. केल्विनचा मला भरवसा आहे. त्याच्यानंतरच्या चिटणिसाचा नाही.

वरील मजकूर मी पूर्ण वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि खालची सही दोघांच्या डोळ्यांदेखत केली.

लव्हडे ओपी

साक्षीदार:
१. रीटा पास्को, चॅपल गल्ली
२. केल्विन बोलिथो, चिटणीस, इतिहास मंडळ. मजकूर वाचला. नोंद केली.

ठिकाण: ट्रेगोवन
दिनांक: मंगळवार, १६ ऑगस्ट १९८८