सातव्या धड्यापासून

शनिवार, १७ जानेवारी

सकाळी सदरला ऑफिस, दुपारी हुडकेश्वरला घरी परत. सईची नववीची परीक्षा जवळ आली आहे. तिला डिस्लेक्सिया आहे. ऐकलेले तिला लगेच समजते, पण पुस्तकातली अक्षरे तिला दमवतात. म्हणून तिची आई सुमन तिच्यासाठी इतिहासाचे धडे मोबाइलमध्ये वाचून रेकॉर्ड करून ठेवायची. सहा धडे झाले आणि सुमन गेली. त्यानंतर चार महिने सई सहावाच ऐकत राहिली. मी तिला कामचुकार म्हणालो. का म्हणालो? आधी विचारायला हवे होते.

आज ती स्वतःच पुस्तक घेऊन आली. "बाबा, सातवा तुम्ही वाचून द्या."

मी वाचायला लागलो तर ती हसायलाच लागली. "बाबा, तुम्ही तर बातम्या देऊन राहिले! आई कशी थांबून थांबून वाचे."

"मले असंच जमते वं."

"जमन तुम्हाले. मी आहे ना."

सातवा धडा. तो तिच्याने उघडवत नव्हता, खरे तर माझ्यानेही. आज बरे वाटले.

ती शिकवणीला गेल्यावर मी पंखा बंद केला, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केले आणि धडा पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. प्रत्येक वाक्यानंतर थांबलो.