आरशाशेजारचा तक्ता

प्रिय ठकू,

दोन वर्षांनी बापाचं पत्र पाहून तू आधी घाबरशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. तुझी आई बरी आहे, मी होतो तसाच आहे, गॅलरीतलं जाईचं रोप तेवढं गेलं. हे फोनवर लिहिता आलं असतं, पण फोनवर मी तुला इतके मेसेज ढकलले आहेत की त्यातलाच एक समजून तू न वाचता पुसून टाकशील, आणि तुझं काही चुकणार नाही. म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे.

माझे ते तीन ग्रुप अजून चालू आहेत. सकाळपासून कोणीतरी कोणालातरी जागं करत असतं. मतदानाची यंत्रं, दुधातली पावडर, टॉवरच्या लहरी, शाळेत मुलांच्या डोक्यात काय भरतात ते. पूर्वी मी सगळं मोठ्याने वाचून दाखवायचो आणि तुझी आई हं हं करत भाजी निवडायची. आता वाचतो आणि फोन पालथा ठेवतो. माझी मतं बदलली असं मात्र समजू नकोस. सरकार खोटं बोलतं, पेपरवाले सांगाल ते छापतात, आणि लग्न न करता एका घरात राहणं मला आजही पटत नाही. फक्त दमलोय गं. सगळ्या जगावर एकट्याने पहारा किती दिवस द्यायचा?

हा संशय मी आईच्या पोटातून घेऊन आलो नव्हतो. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टच्या आत काचेखाली तपासणीचं कार्ड असतं, ते तू लहानपणी माझ्याबरोबर आलीस की मोठ्याने वाचायचीस. त्याच्यावर सही करणारा साहेब वर चढलेला मी एकदाही पाहिला नाही. खाली पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसून, चहा ढोसत, सात लिफ्टच्या सात कार्डांवर तो सह्या करायचा. वर चढून ग्रीसमध्ये हात घालून दोर चाचपायचो मी. एकदा त्यातल्या एका दोराच्या निम्म्या तारा तुटलेल्या निघाल्या, आणि कार्डावरची शाई अजून ओली होती. तेव्हापासून शिक्का दिसला की माझं डोकं फिरतं. मग तो डॉक्टरचा असो नाहीतर आणखी कोणाचा.

म्हणून तुझ्या आईला साखर निघाली आणि डॉक्टर गोळ्या आता कायमच्या म्हणाले, तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाईक पक्कं केलं. तू औषधांच्या दुकानात आठ-आठ तास उभी राहणारी, तू समजावत होतीस. मी तुला कंपन्यांनी विकत घेतलेली पोर म्हणालो. वर तू ज्याच्याबरोबर राहतेस त्या मुलाचा विषय काढला. तू अर्ध्या ताटावरून उठलीस. ते ताट आईने बराच वेळ उचललं नाही. मी तिच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि ग्रुपवर आलेलं ते कडू चूर्ण सुरू केलं. बिया आणि साली गॅलरीत वाळवायच्या, मिक्सरमधून काढायच्या, रोज सकाळी सात वाजता एक चमचा. ती हात पुढे करायची, मी द्यायचो.

आणि ठकू, गुण आला! दर रविवारी बोट टोचून मीच साखर मोजायचो. यंत्रावरही माझा विश्वास नव्हता, म्हणून आधी उघडून पाहिलं होतं. आकडे उतरत गेले. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? पट्टी घेऊन, लाल-निळ्या पेनांनी मी छत्तीस आठवड्यांचा तक्ता काढला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'स्वतः तपासलेले'. खाली सही केली. मग त्याची एक प्रत सलूनकाकांच्या आरशाशेजारी चिकटवून आलो.

सलूनकाका तुला आठवतच असतील. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तुला वर बसवायचे आणि तू रडलीस की स्वतःच्याच मिशीला कात्री लावल्याचं नाटक करायचे. त्यांनाही साखर आहे, दहा वर्षं जुनी. दाढी करता करता ते तो तक्ता वाचायचे. एक दिवस म्हणाले, वहिनींना जमलं तर मला का नाही? मी डबा भरून चूर्ण नेऊन दिलं. त्यांनी गोळ्या सोडल्या. सातव्या महिन्यात नवी चप्पल चावली, जखम चिघळली, आणि उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आता डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन आणि गोळ्या सुरू करा, नाहीतर पाय जाईल. ते तयार नाहीत. मी भेटायला गेलो तर मलाच सांगतात, पाय कापला की यांना वरून बक्षीस मिळतं, मला सगळं माहीत आहे. ती माझीच वाक्यं होती, शब्दन् शब्द. मी मान हलवली आणि घरी आलो.

त्याच आठवड्यात तुझ्या आईचं शिलाई मशीन अडलं. ती गुरुवारची वाचनालयात गेली होती. दर गुरुवारी जायची आणि दीड वर्ष एकच पुस्तक वाचत होती, पण माझ्यासारख्या हुशार माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेल द्यावं म्हणून मी मशीनचा खण उघडला. रिळांखाली गोळ्यांची पाकिटं होती, प्रत्येकावर पांढरी पट्टी, आणि पट्टीवर तुझं अक्षर. सकाळी एक, संध्याकाळी एक. तुझा 'स' अजून पाचवीतलाच आहे, पोट फुगलेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. जगभरची कारस्थानं हुडकत बसलो आणि दोन बायकांनी माझ्याच घरात, शिलाई मशीनच्या खणात एक तडीला नेलं. राग आला, खोटं कशाला सांगू? पण तो राग पार तुमच्यापर्यंत पोहोचेचना. भांडण नको म्हणून ती माझं कडू चूर्ण गिळत राहिली आणि जगायचं म्हणून तुझ्या गोळ्या. आणि मी काय केलं? वर न चढता कार्डावर सही केली. त्या साहेबासारखीच. त्याने निदान 'स्वतः तपासलेले' असं लिहिलं नव्हतं.

परवा सलूनमध्ये गेलो, सांगायचं ठरवून. काका आता उंच स्टुलावर बसून दाढी करतात, पट्टी बांधलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर. समोर आरसा, शेजारी माझा तक्ता. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा वाटलं, आत्ता सांगावं. पण तोंडाला साबण होता, आणि ते निमित्त मला पुरलं. निघताना ते म्हणाले, चूर्ण संपलंय, उद्या डबा आणा. मी हो म्हणालो. लाज वाटते हे लिहायला.

आज सकाळी सात वाजता तुझ्या आईने नेहमीसारखा हात पुढे केला. मी तिच्या तळहातावर तुझी गोळी ठेवली आणि पाण्याचा पेला दिला. तिने गोळी गिळली. मग म्हणाली, पाणी कोमट करून द्यायला काय झालं होतं? एवढंच. पण नंतर किती तरी वेळ ती मोरीत नळ सोडून उभी होती. तिला काही बोलू नकोस, चूक तिची नाही. चांगलं झालं गं तुम्ही मला फसवलंत. नाहीतर तिचा पायही मीच घालवला असता.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते सांगतो. रविवारी सकाळी दहाला, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, मी तो तक्ता सगळ्यांसमोर फाडणार आहे आणि सगळं खरं सांगणार आहे. पण काका माझं ऐकतील असं वाटत नाही. म्हणतील, यांनाही विकत घेतलं. गोळ्यावाल्यांचा शब्द मानायचा नाही, हे मीच त्यांना शिकवलंय आणि ते चांगलं शिकलेत. त्यांचा पाय वाचवण्याइतका माझा शब्द आता राहिलेला नाही, तुझा आहे. फळीवर बसवलेल्या पोरीला ते नाही म्हणणार नाहीत. म्हणून तू ये. माझ्यासाठी नको येऊ, मी तेवढं मागण्याच्या लायकीचा नाही. येताना त्यांच्या गोळ्या आण, आणि त्यांच्या पाकिटावरही तुझ्या हाताने लिही, सकाळी किती, संध्याकाळी किती. तो मुलगा सोडायला आला तर त्याला बाहेर उभा ठेवू नकोस. दुकानात बाकडं आहे. मी सरकून बसेन.

तुझाच, पुष्कळ उशिरा वर चढलेला,
बाबा