‘ठ’ची शिरोरेषा

रविवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा डावीकडे! निम्म्याहून जास्त छर्रे ‘ठ’च्या पोटाबाहेर, आणि सगळे डावीकडे. नुसता नेम चुकला असता तर चारी बाजूंना गेले असते. एकाच बाजूला जातात, म्हणजे बंदुकीला कुणीतरी हात लावला आहे.

माझ्यानंतर काडी, पाट्या रंगवायच्या कारखान्यातला माझा मित्र, उभा राहिला. एक सोडून सगळे आत. मग नेहमीचंच — “ठला ठोकलं की नाही?” हरेल त्याने आठवडाभर कारखान्यात दोघांचे ब्रश धुवायचे, असं आमचं ठरलेलं आहे. या आठवड्यातही मीच धुणार.

बंदूक दोघांची. स्वस्तातली, नळी मोडून छर्रा भरायची. राहते माझ्याकडे, कारण मागचं अंगण आमचं — म्हणजे ताईचं. चिंध्या भरलेलं खोकं, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर ब्रशने काढलेला मोठा ठ, मागे विटांची भिंत. छर्रा लागला की टक् असा आवाज येतो आणि आठवड्याचा सगळा वैताग डोक्यातून निघून जातो. म्हणजे जायचा. हल्ली प्रत्येक टक् ऐकताना विचार येतो — हा कुणी बिघडवला?

आजचा ठ काडीने काढला होता. शिरोरेषा मधोमध वाकलेली. इतक्या वर्षांचा पेंटर, आणि रेघ वाकडी? मुद्दाम?

बुधवार, ६ फेब्रुवारी

प्रसूतिगृहाची पाटी मालकांनी मला दिली. माझी शाळा नववीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही, म्हणून असले शब्द माझ्याकडे येतात. काडीने ‘प्रसुती’ लिहून दवाखान्याचा फोन ओढवून घेतला असता. त्याची रेघ चांगली. तो रेघ, मी शब्द — असं मालकच म्हणतात.

काल संध्याकाळी शिरोरेषा पुरी केली. एक डोळा मिटून कडेने पाहिली, अगदी सरळ. आज सकाळी पाहतो तर मध्ये वाकलेली! रंगावर रंग चढवलेला. ब्रश माझा नाही, माझा अरुंद आहे. रुंद ब्रश काडीकडे.

त्याला विचारलं. तो पाटीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सरळ तर आहे. चष्मा घे, फौजदार.” बाकीचे हसले. डब्यांची झाकणं कोण उघडी टाकतं त्यावर मी लक्ष ठेवतो, म्हणून मला फौजदार म्हणतात. ठेवायलाच हवं लक्ष.

शनिवार, ९ फेब्रुवारी

आज रेघ आखायला खडू लावलेलं सूत मारताना काडीने एक टोक धरलं, मी दुसरं ताणून टिचकी मारली. पाटीवर उमटलेली रेघ नागमोडी! सूत ढिलं धरलं असणार.

रात्री बंदुकीच्या माशीवर — नळीच्या टोकाशी नेम धरायला असते ती — ताईचा एक केस डिंकाने चिकटवला. कुणी माशी हलवली तर केस तुटेल.

रविवार, १० फेब्रुवारी

केस शाबूत. छर्रे डावीकडेच.

म्हणजे छर्ऱ्यांत काहीतरी आहे. दोघांच्या डब्या काडीनेच आणलेल्या. ऐन वेळी डब्या बदलायला लावल्या. तरी तोच जिंकला. मी बदलायला लावणार, हे त्याने आधीच ओळखलं असेल.

ताई म्हणते, तो जिंकतो हेच तुला खुपतं. खुपत नाही. मित्राने सरळ हरवलं तर मला चालतं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

पुन्हा. रंगावर रंग.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

मालकांना सांगितलं. एक अक्षरही खोटं सांगितलं नाही. मी घरी गेल्यावर काडी थांबतो आणि माझ्या पाट्यांवर ब्रश फिरवतो, एवढंच.

त्यांनी त्याला आत बोलावलं. काचेतून दिसत होतं. त्याने मान हलवली, बस. मालक मला नंतर म्हणाले, “फिरवतो म्हणाला. का ते विचारलं तर तोंडाला कुलूप.” उद्यापासून येऊ नको, असं सांगून टाकलं त्याला.

मला बरं वाटायला हवं.

माझे ब्रश धुतलेले सापडले. पाळी माझी होती. त्याने का धुतले? एकेक तपासून पाहिला. काही केलेलं नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी

कालची पाटी बघून मालक म्हणाले, “ही काय सापाची चाल आहे?” मी कडेने पाहिली. सरळ आहे. तसं म्हणालो. तेही माझ्याकडेच बघत राहिले.

काडी मालकांनाही जाऊन भेटला की काय?

रविवार, १७ फेब्रुवारी

काडी आला नाही. कसा येईल?

ताईला उभं केलं. तिने बंदूक कधी धरलेली नाही. पाचही आत! “तुझ्या बंदुकीला काही धाड भरलेली नाही,” म्हणाली.

मी काडीने काढलेला ठ दाखवला. बघ, शिरोरेषा किती वाकडी. ती आत गेली आणि लोखंडी पट्टी घेऊन आली. रेघेला लावली. “कुठे वाकडी आहे रे?”

पट्टीही वाकडी होती. लोखंडाची पट्टी.

उजवा डोळा मिटला — सरळ. डावा मिटला — वाकडी. पुन्हा केलं. पुन्हा तेच. नेम धरताना मी डावा मिटतो. पाटी तपासतानाही डावाच.

म्हणजे सरळ रेघ मला वाकडी दिसायची आणि मी ती दुरुस्त करायचो. रोज. अगदी काळजीपूर्वक.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साठलं आहे. बहुतेक काही महिन्यांत आपोआप ओसरेल. काळजी करणाऱ्यांना होतं म्हणे. “डोक्यात काय घेऊन बसता एवढं?” असं विचारलं त्यांनी.

तिथून काडीच्या घरी गेलो. रागावलेला नव्हता. पलंगावरचे कपडे बाजूला सारून जागा केली. म्हणाला, “तुझी शिरोरेषा महिनाभर वाकडी येत होती. मालकांनी पाहिलं असतं तर तुझं काम गेलं असतं. म्हणून तू गेलास की पट्टी लावून सरळ करायचो. चष्मा घे म्हणालो, तुला थट्टा वाटली.”

मग जरा पुढे सरकला, आणि हळू आवाजात विचारलं, “मालकांना कुणी सांगितलं असेल? तू फौजदार ना — तुला कुणाचा संशय येतो?”