रूपाला पडलेला प्रश्न

कुंदन,

इंग्रजी शाळेच्या नव्या गणवेशाची डावी कॉलर चुरगळली आहे, उजवी कडक. घालून पाहताना रूपा ती चावत होती. कारण विचारलं तर म्हणाली, "बाईले मन्हं बोलनं समजी का? मंग शू लागनी ते?" दोन वर्षं धुळ्याला आजीजवळ राहिलेली आपली मुलगी अहिराणीशिवाय दुसरं कसं बोलणार?

"घाबरू नकोस" म्हटलं की ती जास्तच घाबरते. म्हणून काल तिला पिंप्राळ्याच्या मराठी शाळेत नेलं. तिने तिथल्या बाईंनाच तेच विचारलं. बाई हसल्या. "मन्हं माहेरबी धुयानंच शे. माले सांगजो, माय." रात्री ती न रडता झोपली.

तुझं मन इंग्रजी शाळेकडे आहे, म्हणून उन्हाळाभर मी गप्प होते. पोळ्या डब्यात आहेत. आम्ही प्रवेश घ्यायला निघालो आहोत. आत्ता दारातच तिला मोठ्याने सांगितलं, "रूपा, तू मराठी शाळेत जाणार."

ज्योती