पश्चिमेकडचा पडदा

४ मार्च, सोमवार

आले एकदाची. बॅगेचं एक चाक स्टेशनवरच निखळलं, त्यामुळे अर्धा रस्ता बॅग ओढली आणि अर्धा रस्ता तिची मनधरणी केली. हॉस्पिटलच्या क्वार्टरमधली खोली एवढीशी आहे, पण माझी एकटीची. हात पसरून गोल फिरून पाहिलं, कुठेही आपटले नाही. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, आधी जेव, मग नाच.

संध्याकाळी वॉर्डात डोकावून आले. दारावर 'प्रकाश-उपचार विभाग' अशी झोकदार पाटी, आणि आत सगळ्या खिडक्यांना जाड काळे पडदे. जागोजागी मंद पिवळे दिवे. तिथे झाडलोट करणाऱ्या, सगळे नुसतं मावशी म्हणतात त्या बाई, मला बघून हसल्या. म्हणाल्या, पाटी वाचून गॉगल आणला असशील तर परत ठेव.

७ मार्च, गुरुवार

आज डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. औषध शिरेतून देतात. ते अंगभर पसरतं, पण गाठीत जास्त मुरतं. दोन दिवसांनी तोंडातून नळी घालून गाठीवर लाल प्रकाश सोडायचा. नुसतं औषध निरुपद्रवी, नुसता प्रकाशही निरुपद्रवी. दोघांची गाठ पडली की आतली गाठ जळते. हा विनोद त्या दर नव्या नर्सला करत असणार, पण मी हसले.

अडचण पुढेच आहे. औषध कातडीतही राहतं, महिनाभर तरी. तेवढ्या काळात ऊन लागलं की धडधाकट कातडीही तशीच भाजते. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनसुद्धा. क्रीम फासून काही उपयोग नाही. मी विचारलं, मग पेशंटला पार अंधारातच ठेवलं तर? बाई म्हणाल्या, ती चूक कधी करू नकोस. मिट्ट अंधारात औषध कातडीत तसंच ठाण मांडून बसतं. साध्या दिव्याच्या उजेडात ते हळूहळू मोडतं. म्हणून मंद दिवा रोज हवा, ऊन मात्र अजिबात नको.

वहीत लिहून ठेवण्यासारखं म्हणून लिहिलं.

१२ मार्च, मंगळवार

कोपऱ्यातल्या खोलीत सर आले आहेत. आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवलं. उन्हात रापून अंग तांब्याच्या रंगाचं झालंय, आता मात्र नुसती हाडं उरलीत. अन्ननलिकेत गाठ आहे, घोटभर पाणी उतरत नाही. औषध कालच दिलं. मला विचारलं, पोहता येतं का. नाही म्हटल्यावर म्हणाले, बरी झाल्यावर तुला शिकवतो. मी म्हटलं, सर, बरं तुम्हाला व्हायचंय. तर म्हणाले, खांदे पाडून चालतेस, म्हणजे तुलाही काहीतरी झालेलंच आहे.

मावशींनी आजही अर्धा डबा मला दिला. त्यांचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलाय. ते सांगतानाही त्या पोळीच वाढत होत्या.

१३ मार्च, बुधवार

सरांना प्रकाश दिला. मी नळीच्या बाजूला उभी होते. मॉनिटरवर गाठ लाल उजळली आणि मग फिकट पडत गेली. डॉक्टरबाई सहसा काही बोलत नाहीत, आज म्हणाल्या, छान. सूज उतरली की पाणी पिता येईल. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून, झोपल्या झोपल्या, पोहण्याचे दोन हात मारले.

१४ मार्च, गुरुवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

दुपारी सरांची मुलगी तिच्या बाळाला घेऊन आली. पहिलंच नातवंड, सरांनी अजून पाहिलेलं नाही. तान्ह्या बाळाला वॉर्डात घेत नाहीत, म्हणून ती खाली अंगणात झाडाखाली उभी राहिली. सर मला म्हणाले, एकदाच पडदा सरकव, एकच नजर. पडद्याची दोरी वर खुंटीला बांधलेली असते, पेशंटचा हात तिथवर पोचत नाही. मी नाही म्हटलं. पुन्हा म्हणाले. काही मागायची सवय नसलेला माणूस मागतो तसं म्हणाले.

मी दोरी सोडली. खुर्ची खिडकीशी ओढून दिली. पश्चिमेची खिडकी, ऊन थेट आत आलं. म्हटलं, पटकन बघा, मी इथेच आहे.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या आजींना उलटी झाली, रक्त होतं. मी धावले. त्यात कोणी दोष देणार नाही. पण आजी शांत झाल्या, त्यांना पुसून निजवलं, आणि मी चहा घ्यायला गेले. आईचा फोन आला. दादाच्या स्वयंपाकाची गंमत सांगत होती. मी हसत होते. चहा संपवला, दुसरा घेतला.

आठवण झाली तेव्हा सर तिथेच बसले होते, सगळा चेहरा उन्हात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाले, नातू झोपला होता, मग जागा झाला, जांभई दिली. मी पडदा ओढला, दोरी बांधली.

संध्याकाळी त्यांचा चेहरा ओळखू येईना.

१५ मार्च, शुक्रवार

चेहरा, गळा, दोन्ही हात. फोडच फोड. पापण्या सुजून मिटल्यात. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना उभं करून विचारलं, पडदा कोणी उघडला. सर म्हणाले, मीच उठून उघडला. बाई म्हणाल्या, तुमचा हात खुंटीपर्यंत जाणं शक्य नाही. मग सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडेही.

मी जमिनीकडे बघत होते.

१८ मार्च, सोमवार

मावशींना काढून टाकलं. त्या दिवशी दुपारी ती खोली त्यांनीच झाडली होती, एवढंच. झाडताना पडदा सरकवला असेल आणि लावायचा राहिला असेल, असं ऑफिसने ठरवलं. मावशी वाद घालत बसल्या नाहीत. रिकामा डबा पिशवीत घातला, चप्पल घातली, जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला.

उद्या सांगेन. आधी सरांचा ताप उतरू दे.

२१ मार्च, गुरुवार

ताप उतरला नाही. फोडांत पू झाला होता. सर सकाळी गेले. शेवटपर्यंत डोळे उघडले नाहीत. अन्ननलिकेतली गाठ पार गेली होती, काल चमच्याने पाणी सहज गिळलं.

२३ मार्च, शनिवार

सरांची मुलगी त्यांचं सामान न्यायला आली होती. मला बाजूला घेतलं, माझा उजवा हात तिच्या दोन्ही हातांत धरला. म्हणाली, बाबांनी मला सांगितलंय पडदा कोणी उघडला ते. कोणाला सांगू नकोस, पोर नवीन आहे, नोकरी जाईल, असंही म्हणाले. तुमच्यामुळे त्यांनी माझ्या बाळाला बघितलं. मग ती रडली, आणि कितीतरी वेळ माझा हात सोडेना.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की मी चहा पीत होते.

नाही सांगितलं.

२५ मार्च, सोमवार

उजवा हात लाल झालाय. खोलीतून वॉर्डापर्यंत येताना अंगणातलं ऊन लागलं तेवढंच. निखाऱ्यावर धरल्यासारखी आग. कातडीच्या डॉक्टरांनी विचारलं, ते औषध अंगावर सांडलं होतं का. नाही. टोचलं गेलं का. नाही. रक्त तपासलं, त्यात काही नाही. ॲलर्जी म्हणाले, मलम दिलं.

२७ मार्च, बुधवार

कोपऱ्यातली खोली रिकामी आहे, कुलूप असतं. दुपारी बाहेरून पाहिलं तर पडदा उघडा. किल्ली घेऊन गेले. खुर्ची खिडकीशी ओढलेली. मावशींच्या जागी आलेल्या नव्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मी तर त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. पडदा ओढला, दोरीला दोन गाठी मारल्या.

चहाच्या वेळेला पुन्हा गेले. उघडा. खुर्ची पुन्हा तिथेच. तिच्या पाठीवर हात ठेवला. ऊन पडल्यावर लाकूड तापतं, पण हे तसं नव्हतं. नुकतंच कोणी उठून गेलेल्या खुर्चीची ऊब वेगळी असते.

२९ मार्च, शुक्रवार

दोन्ही हात. गळा. आता ट्यूबलाइटही सोसत नाही. रजा टाकली. आरशात बघितलं तर डावी पापणी सुजायला लागलीय —

आईला सर्दी झालीय म्हणून सांगितलं. आवाज का असा, विचारत होती.

३० मार्च, शनिवार

दिवे लागायच्या आधी, ऊन गेल्यावर, ओढणीने तोंड झाकून मावशींच्या घरी गेले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता ओलं फडकं आणून ठेवलं. आतल्या खोलीत नवरा खोकत होता. मी सगळं सांगितलं. चहासुद्धा.

मावशी म्हणाल्या, मला माहीत आहे. त्या दिवशी तुला त्या खोलीतून येताना मी पाहिलं होतं.

मग बोलला का नाहीत, विचारलं.

म्हणाल्या, तू बोलशील म्हणून थांबले होते.

रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, उद्या सकाळी जाऊन डॉक्टरबाईंना सांग. तुझ्याच तोंडाने सांग. मी हो म्हटलं.

३१ मार्च

दारापर्यंत गेले. अंगणात एवढं ऊन — पन्नास पावलंही नसतील. ओढणी, चादर, छत्री, सगळं घेतलं. उंबऱ्याबाहेर पाय टाकला तर चपलेतून, बोटांवर —

परत आले. संध्याकाळी जाईन.

संध्याकाळी बाई निघून गेल्या होत्या. मला माहीत होतं, रविवारी त्या लवकर जातात.

१ की २ एप्रिल

खिडकीवर चादर, चादरीवर गादी. दाराच्या फटीत टॉवेल. मोबाइल कपाटात, त्याचा उजेडही चावतो. आता मिट्ट अंधार. बाई काय म्हणाल्या होत्या ते आठवतंय. अंधारात ते तसंच बसून राहतं. पण औषध मी घेतलेलंच नाही. मग बसून काय राहिलंय —

दार वाजलं मघाशी. डॉक्टरबाईंचा आवाज होता. काळजीने विचारत होत्या. उठून सांगायचं होतं फक्त. जीभ उचलली नाही. गेल्या.

दुपार

अंदाजाने लिहितेय, ओळी एकमेकींवर चढत असतील —

नाही. चढत नाहीयेत. मला दिसतायत.

डोळे सरावले म्हणावं तर भिंत दिसत नाही, कॉट दिसत नाही. फक्त कागद. कागदावर लाल उजेड आहे. हात उचलला की जातो, ठेवला की येतो. हाताच्या आतून येतोय. नखांच्या खालून. आणि तो जिथे पडतो तिथे भाजतं, माझ्याच हाताने माझाच हात —

ओढणी गुंडाळली. ओढणीतून दिसतंय. आता गळ्याखाली. पापण्या मिटल्या तरी आत लाल. कशावर पडदा ओढू —

लिहून टाकते. दाराखालून सरकवीन, कोणीतरी उचलेल. डॉक्टरबाई, मावशींनी काही केलेलं नाही. सरांनीही नाही. १४ तारखेला दुपारी कोपऱ्यातल्या खोलीतला पडदा मी