खणखण वाजणारी पिन

अमरावती,
ता. १७ ऑक्टोबर १९६४

आदरणीय दादास,
ललिताचा सप्रेम जयभीम.

वहिनीचा खोकला थांबला का? मी बरी आहे. कॉलेजात सहामाही परीक्षा सुरू आहे. तुमच्या रुईच्या प्रेसचे खुशालराव दाराची पिन न्यायला आलेत आणि व्हरांड्यात बसलेत. त्यांना दुपारची अकोल्याची मोटार गाठायची आहे, म्हणून घाईत लिहिते.

पिन तपासायला देताना तू मला चिडवलंस, "हातोडी मारली का खणखण वाजते. तुह्या आरशाईले लोखंडातलं काय समजते?" मग ऐकच. एका दिव्याचा उजेड दोन वाटांनी पाठवून परत एकत्र आणला की काळ्या-पिवळ्या रेघा दिसतात. एका वाटेच्या टोकाशी आरशाऐवजी मी तुझी पिन ठेवली, घासून लखलखीत केलेली. तिच्या एका टोकाला कंप दिला की लाट पृष्ठभागावरून धावते आणि रेघा थरथरतात. रस्त्यावरून बैलबंडी गेली तरी थरथरतात, म्हणून सगळं शांत होईपर्यंत श्वास रोखून बसावं लागतं. पिनच्या मध्यापर्यंत रेघा थरथरल्या. त्यापुढे जवळजवळ नाहीच. लाट तिथे अडते. वरून काही दिसत नाही, पण तिथे भेग असावी.

प्रयोगशाळेतले कमलाकांत सर म्हणाले, आठवडाभर पुन्हा पाहा, मग बोल. पण प्रेस सोमवारी सुरू होणार. रुईची गाठ दाबताना प्रेसचं दार हीच पिन धरून ठेवते, आणि दारासमोर तू उभा असतोस. मालकांना मी तार केली होती. "वाजते ना? मंग लावा," हा त्यांचा निरोप आज खुशालरावांनी आणला. नवी पिन मुंबईहून यायला महिना लागेल, असंही म्हणाले.

दादा, बाबांचं नाव आपण घरात काढत नाही. आज काढते. त्या सकाळी त्यांनीही पिन वाजवून पाहिली होती आणि तीही खणखण वाजली होती. दार उडालं तेव्हा मी त्यांचा डबा घेऊन फाटकात उभी होते.

म्हणून मघाशी, सरांना न विचारता, मी पिन वर्कशॉपमध्ये नेली आणि त्या जागी मागच्या बाजूने करवत लावली. खात्री नव्हती, भीती होती. करवत निम्म्यावर आली आणि पिन आपणहून तुटली. पुडक्यात दोन तुकडे आहेत. करवतीची बाजू चकचकीत आहे, उरलेली आधीपासूनच काळी पडलेली आहे. तू मिस्त्री आहेस, तुला सांगायला नको.

मालक तुला कामावरून काढतील. केलं मी, भोगशील तू. मला शिव्या दे, वर्षभर माझं तोंड पाहू नकोस. पण रागवायला जिवंत राहा.

तुझी धाकटी,
ललिता