दादाच्या खोलीतलं बटण

बाबा,

ही चिठ्ठी मुद्दाम दादाच्या खोलीतल्या स्विचबोर्डवर चिकटवलीय, कारण तुमचा हात आधी इथेच येणार. चार्जरचं बटण बंद करू नका. लॅपटॉपचं झाकणही लावू नका.

अपघाताच्या सकाळी दादा लॅपटॉप चालू ठेवून निघाला, तेव्हापासून तो तसाच चालू आहे. बॅटरी पार कामातून गेलीय, चार्जर निघाला की क्षणात बंद पडेल. आणि दादाने नुसता पासवर्ड टाकलेला नाही, अख्खी डिस्कच कुलपात घातलीय. लॅपटॉप चालू आहे तोवर कुलूप उघडं. एकदा बंद झाला की तो किल्ली मागणार, आणि ती दादाबरोबरच गेली. मग डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी नुसता गिचमिड काला दिसेल. दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर "ताई, तिथे आमचंही काही चालत नाही," म्हणाला.

मी सगळं उतरवून घ्यायला मोठी डिस्क आणायला गेलेय. आईला आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका. चहा थर्मासमध्ये आहे.

स्क्रीनवर समोरच एक फोल्डर आहे, त्याचं नाव 'बाबा'. तुमचं दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणून मी हात लावला नाही. तो तुम्हीच उघडा, मी आल्यावर.

दिवा-पंखा तसाच टाकून तो निघाला की तुम्ही मागून ओरडायचात, "बंद कोण करणार, तुझा बाप?"

आज बापाने बंद करू नये, एवढंच.

धाकटी